ई-रिक्षातला आवाज

स्नेहलतागंजहून सियागंजला जाताना एका ई-रिक्षावालीच्या गाडीत मी एकदाच बसले. तिची ओढणी कानांमागून घट्ट बांधलेली, आणि एका बोटाने आरसा तिरका करून मागच्या सवाऱ्या बघायची सवय.

माझ्या शेजारचा गृहस्थ गुडघे पसरत होता आणि मी अंग चोरत होते. तिने आरशात पाहिलं. हँडलला बांधलेल्या मोबाईलवर फक्त अंगठा दाबला. स्पीकरमधून एक बाई कडाडली, "सिकुडकर मत बैठिए. सीट आपकी भी है."

तो आवाज माझा होता. आमच्या बायकांच्या ग्रुपचं इन्स्टाग्रामवर पेज आहे, त्यातल्या त्या रीलला मीच आवाज दिला होता. घरी, दार लावून.

गृहस्थाने गुडघे आवरले आणि पुढच्या चौकात तो उतरून गेला.

"कोणी जास्त पसरला की मी हेच लावते," ती म्हणाली. बसताना मी फोनवर मराठीत बोलले होते, ते ऐकून तीही मराठीत बोलत असावी. "मी बोलले तर झगडा होतो. ही बाई बोलली की चुपचाप सरकतात. किसीसे डरती नहीं, बघा. ताई, तुम्हीपण फॉलो करा."

ती बाई मीच, हे सांगावं की नाही कळेना. तिला ते खरं वाटलं असतं का, तेही कळेना, कारण मलाच वाटत नव्हतं. मी "हो" म्हटलं, पण इतकं हळू की तिने "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

शेजारची सीट केव्हाच रिकामी झाली होती. मी अजून कोपऱ्यातच बसले होते.