वरची सिटकनी

माझा नवरा म्हणायचा, तुझं काही म्हणजे काही माझ्यापासून लपलेलं नाही. तो गेला, तेव्हाही ही एक गोष्ट त्याच्यापासून लपलेलीच होती. मुलाला ठाऊक नाही, दादाला तर नाहीच. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी ती आठवण मागे ढकलते — जसं काही त्याला कळायचं राहिलंय! आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जात असेल का? जाऊ दे. कारणं द्यायची मला फार सवय आहे, आणि या गोष्टीत मला एकही कारण द्यायचं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रेल्वेत लागला, बदलीवर काशीला गेला आणि तिथल्याच एका मराठी घरातली मुलगी करून तिथलाच झाला. वहिनींची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुर्गाघाटावरची. महाराष्ट्र त्यांनी लग्नानंतर पाहिला, तोही लग्नामुंजींपुरता. त्यांची मराठी आमच्या साताऱ्याकडच्या म्हाताऱ्या बायकांसारखी जुनी, आणि मध्येमध्ये हिंदीचे खडे. 'वन्सं, जल्दी नाही, पण तेवढी सब्जी चिरून ठेवा,' असं म्हणायच्या. मी धाकटी नणंद. पण त्या मला कायम अहोजाहो करायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, लाड करून घ्यायला मला नेहमीच आवडत आलंय.

त्या वर्षी मी महिनाभर राहायला म्हणून गेले. थंडी सरत आली होती. पहाटे वहिनी गंगेवर आंघोळीला जायच्या आणि ओलं लुगडं खांद्यावर टाकून, घाटाच्या पायऱ्या दम खात चढून परत यायच्या. तोवर दादा कोपऱ्यावरून पानाच्या द्रोणात गरम कचोऱ्या घेऊन यायचा. मग धावपळ — दादाचा डबा, माझा भाचा विनय बँकेत, सून मीनल शाळेत शिकवायला. सगळे गेले की त्या उंच, अरुंद घरात आम्ही तिघीच उरायचो: वहिनी, मी आणि विनयची दोन वर्षांची चिमी. चिमी आईची नव्हतीच, आजीची होती. आजीच्या हातचं जेवायची आणि आजीच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून झोपायची. मीनल संध्याकाळी आली की पोरगी आईकडे जायचं नाही म्हणून रडायची. मीनल हसायची, पण ते हसू मला कधी नीट वाटलं नाही.

आणि माकडं. काशीत नव्या पाहुण्याला गंगेच्या आधी माकडांची ओळख करून देतात. गच्चीला एक जुना लाकडी दरवाजा होता. त्याला खाली कडी आणि वर, हात उंच करून लावावी लागणारी सिटकनी — आपण जिला बोल्ट म्हणतो ती. वहिनींनी पहिल्याच दिवशी मला वर नेऊन दाखवलं. 'खालची कडी ढिली आहे वन्सं. बंदर दरवाजा हलवतात की ती निसटते. वरची सिटकनी लागलीच पाहिजे. ती मी स्वतः लावते, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही.' हे त्या अभिमानानं म्हणाल्या होत्या. घरातल्या किल्ल्या, धान्य, दूध, सगळं त्यांच्या हाती होतं आणि ते हात कधी चुकत नाहीत, असा त्यांचा विश्वास होता. खरं तर सगळ्या घराचाच होता.

आता मिश्री. हो, मी मिश्री लावायची. तव्यावर भाजलेली तंबाखू कुटून बारीक केली की ती मिश्री. आमच्याकडे बायका तिनं दात घासतात आणि एकदा लागली की दिवसातून चार वेळा घासतात. आमची आई तोंडाच्या दुखण्यानं गेली. ती गेली तेव्हा दादानं तिच्या पायाशी मला शपथ घ्यायला लावली होती की मी मिश्री सोडीन. मी घेतली शपथ. सोडली नाही. कनवटीला डबी असायचीच. गंमत बघा, ज्या गावात रिक्षावाल्यापासून पंडितापर्यंत सगळ्यांच्या गालात पान, त्या गावात मी चिमूटभर मिश्रीसाठी चोरासारखी गच्चीवर जात होते! वहिनींना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या. दादा मात्र हसला नसता.

त्या सकाळी वहिनींनी गच्चीत पापड वाळत घातले होते. हातात डंडा घेऊन दोन तास राखण बसल्या. दुपारी पापडांच्या पराती आत आणल्या, जिन्याच्या तळाशी ठेवल्या आणि वर जाऊन दरवाजा लावून आल्या. मी खालून सिटकनीचा खटका ऐकला. हे नीट लक्षात ठेवा — मी ऐकला. मग जेवणं झाली. वहिनी चिमीला घेऊन जिन्याजवळच्या खोलीत आडव्या झाल्या. घर शांत झालं तशी मी पाय न वाजवता वर गेले आणि सिटकनी हळूच काढली.

मिश्री लावली, थुंकले, तोंड धुतलं. समोर गंगा होती, एक नाव पलीकडे चालली होती, ती थोडा वेळ पाहिली. मग दरवाजा ओढून कडी घातली. सिटकनी घट्ट होती. एकदा ढकलली, लागली नाही. जोर केला असता तर खटका झाला असता, वहिनी जाग्या झाल्या असत्या. मनात आलं, एवढ्यानं काय होतंय? घटकाभरानं चहाच्या वेळी कुणीतरी वर जाईलच. आणि मी खाली येऊन पुढच्या खोलीत पडले. मला चांगली झोप लागली. तेही सांगायला हवं.

परात पडल्याच्या आवाजानं जाग आली. त्यामागून चिमीची किंकाळी. वहिनी चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या, तेवढ्यात दोन माकडं आत शिरली होती. एक पापडांवर, दुसरं चिमीच्या हातातलं केळं ओढत होतं. तिनं केळं सोडलं नाही. वहिनी नुसत्या हातांनी त्याच्या अंगावर गेल्या. मी पोचले तेव्हा माकडं जिन्यावरून पळत होती, पापडांचा चुरा झाला होता आणि चिमीच्या दंडातून रक्त वाहत होतं. वहिनींचं मनगटही फाटलं होतं, पण ते त्यांना संध्याकाळपर्यंत कळलंच नाही.

त्या काळी माकड चावलं की पोटात इंजेक्शनं घ्यावी लागत. एवढ्याशा पोराच्या पोटात. ती किती रडली ते मी लिहू शकत नाही. दवाखान्यातून सगळे परत आले, तोवर माझ्या कनवटीची डबी मला चटके देत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. विनय काठी घेऊन गच्चीवर गेला तेव्हा वाटलं, आता तो खाली येऊन म्हणणार, वर तंबाखूचा वास कसला येतोय? तो खाली आला आणि इतकंच म्हणाला, 'आई, सिटकनी खुली होती. सच सांग, तू लावली होतीस का?'

'लावली होती रे. रोज लावते मी.'

'मग बंदरांनी वरून हात घालून काढली?'

मीनल चिमीला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. वहिनी गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात संशय नव्हता हो — आधार होता. 'वन्सं, तुम्ही गेला होता का वर? दुपारी?'

किती सोपं होतं! 'हो' म्हणायचं. दादा रागावला असता, मिश्री उघडी पडली असती, दोन दिवस अबोला झाला असता. मी चाळिशी ओलांडलेली बाई, मला काय कुणी मारणार होतं? मी म्हणाले, 'नाही बाई. मी तर झोपले होते.'

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटावं असं वाटत होतं. घाबरून एक 'नाही' तोंडातून गेलं, कोणाच्याही गेलं असतं. पण मी तिथे थांबले नाही. खोलीत शांतता पसरली आणि मला ती सोसवेना. वाटलं, आता सगळे पुन्हा माझ्याकडे वळतील. म्हणून मी बोलले — कुणीही विचारलं नसताना. अगदी मायेच्या आवाजात. 'वहिनी, हल्ली तुमचं जरा विसरायला होतंय, नाही का? काल दूध उतू गेलं, परवा घाटावर लोटा राहिला…'

दूध उतू गेलं ते मी त्यांना गप्पांत गुंतवून ठेवलं म्हणून. लोटा तर मीच धरायला घेतला होता आणि पायरीवर ठेवला होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असंही म्हणता येत नाही. मी शोधून, निवडून बोलले.

दादानं बायकोकडे पाहिलं. त्या घरात मी त्याला असं पाहताना पहिल्यांदाच बघितलं. मीनल भिंतीकडून वळली आणि हळूच म्हणाली, 'मला पण वाटत होतं. मी बोलले नाही.' आणि वहिनी? त्यांनी भांडायला हवं होतं. मी देवाची करुणा भाकत होते की त्यांनी भांडू नये, आणि त्या भांडल्या नाहीत. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'दोन्ही हातांत परात होती. म्हणून राहिलं असेल. वाटतंय खटका ऐकला, पण तो कालचा असेल.'

चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासी तर स्वतःच फासाला मान देत होता, चोर शेजारी बसून त्याची पाठ थोपटत होता. मी खरंच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता.

दुसऱ्या दिवसापासून मीनलनं रजा टाकली. गॅसपाशी कुणीतरी उभं राहू लागलं. विनयनं वहिनींना एकटीनं गंगेवर जायला बंदी केली — 'आई, कुठे चक्कर आली, रस्ता भुलली तर?' मी ठरलेल्या दिवसाआधी आठवडाभर निघाले. सांगितलं, मुलाची परीक्षा आहे. पुढे दादाच्या पत्रातून कळलं की विनय-मीनलनं गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर घेतलं आणि चिमीला तिकडे सांभाळायला बाई ठेवली. रविवारी आणतात, असं त्यानं लिहिलं होतं. ते पत्र आलं त्या दिवशी तरी मी खरं काय ते लिहायला हवं होतं. पाकीटही आणलं होतं.

पुन्हा काशीला गेले ती पाच-सहा वर्षांनी. चिमी शाळेत जात होती. रविवारी आली, आजीला नमस्कार केला, आणि आईला बिलगून हिंदीत म्हणाली, 'मम्मी, घर कब चलेंगे?' दंडावर पांढरा व्रण होता. वहिनी आत गेल्या आणि पुष्कळ वेळ आतच राहिल्या.

त्यांची तब्येत ठणठणीत होती. मी बारकाईनं पाहत होते. खरं सांगते, मनातून आशेनं पाहत होते की त्या काहीतरी विसरतील. म्हणजे माझं बोलणं निदान नंतर तरी खरं ठरेल. त्या काही विसरल्या नाहीत. माझ्या मुलाच्या बायकोचं माहेर कुठलं, मला वांगं चालत नाही, सगळं त्यांना आठवत होतं. फक्त दुपारी आडवं होण्याआधी त्या जिन्याच्या तळाशी घुटमळायच्या. वर जाऊन दरवाजा लावून यायच्या, चार पावलं चालायच्या, पुन्हा मागे वळून बघायच्या.

मग मला हाक मारायच्या. दादाला नाही, शेजारणीला नाही. 'वन्सं, एकदा बघून येता का हो? तुम्ही पाहिलंत की मला झोप लागते. माझं आता काही खरं नाही, तुम्हाला तर माहीतच आहे.'

मी वर जायची. मिश्रीची डबी तेव्हाही कनवटीला असायची. दरवाज्यापाशी उभी राहून, हात उंच करून सिटकनी चाचपायची आणि खाली येऊन सांगायची, 'लागलीय हो वहिनी.' त्या 'बरं' म्हणायच्या आणि निजायच्या.

त्या मुक्कामात मी रोज वर जाऊन पाहिलं. सिटकनी एकदाही उघडी नव्हती.