घासून पुसून लावलेलं कुलूप

आमचा दादा कुलूपवाला. चावी हरवलेली माणसं रडकुंडीला येऊन दुकानात उभी राहायची आणि हा कानस हातात घेऊन आधी त्यांना उपदेश पाजायचा. मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून त्याच्याच घरी राहते, त्यामुळे उपदेशाचा मोठा वाटा माझ्याच पदरात.

त्याचा एकुलता एक पोरगा दारूपायी वाया गेला. आई गेली तेव्हा हा गुत्त्यावर. पुढे बापाकडून शिकलेल्या विद्येने बापाच्याच गिऱ्हाइकांची घरं फोडली. दादानेच त्याला पोलिसांच्या हवाली केलं. म्हणाला, पवित्र शास्त्रातच आहे, आपल्या बायबलात, न ऐकणाऱ्या दारुड्या मुलाला आईबापांनी गावाच्या वडीलधाऱ्यांपुढे न्यावं आणि गावाने त्याला दगडांनी मारावं. कोर्टात सगळ्यांदेखत पोराला सांगितलं, "घराचं कुलूप बदललंय. तुझी चावी आता लागणार नाही."

त्याच शास्त्रात पुढे दुसरा एक बाप आहे. त्याचाही मुलगा सगळं उधळून परत येतो, आणि बाप त्याला लांबूनच बघून मिठी मारायला धावत सुटतो. दादाची नजर अधू झाली तशी रोज संध्याकाळी मीच त्याला वाचून दाखवायचे, आणि मुद्दाम हाच भाग काढायचे. तो म्हणायचा, "दगडांचं वाच." मी म्हणायचे, "तोंड दुखतंय माझं."

पोराच्या शिक्षेच्या तिसऱ्या वर्षी एके दिवशी त्याने खोक्यातून जुनं कुलूप काढलं आणि पुन्हा दाराला बसवलं. मला रडूच आलं.

"अरे, मग तुरुंगात जाऊन सांग की त्याला!"

"तोंडाने काय सांगायचं? चावी लागली की कळेल."

हट्टी कुठला! मी पत्र लिहिते म्हटलं तर "खबरदार" म्हणाला, आणि मी मूर्खासारखी गप्प बसले. वर त्याची कारागिराची खोड. तेल घातलं, स्प्रिंग बदलली, पितळेची पट्टी दोन दिवस घासत बसला.

"एवढं कशाला रे चकचकीत?"

"घरी येतोय तो."

सुटकेच्या दिवशी दादा खिडकीत बसून राहणार होता. पोराला आठवडाभर आधीच सोडलं. दादा दुकानात, मी बाजारात. समोरच्या शिंप्याने पाहिलं. पोरगा चावी हातात धरून दाराशी आला, त्या नव्या दिसणाऱ्या कुलपाकडे बघत उभा राहिला, मग चावी दाराखालून आत सरकवून चालू लागला. शिंपी मशीन सोडून जिना उतरेपर्यंत गल्लीत कोणी नव्हतं.

आम्ही आलो तेव्हा चावी दाराच्या आत जमिनीवर पडली होती. दादाने ती उचलून कुलपाला लावली. अलगद फिरली. त्याने पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. शेवटी मीच त्याचा हात धरला.

वर्ष झालं. स्टेशन, गुत्ते, दवाखाने, सगळं पालथं घातलं. काल संध्याकाळी मी शास्त्र उघडलं तर म्हणाला, "दगडांचं वाच." या वेळी वाचलं.

"संपलं?"

"संपलं."

"बापाचं काय करायचं ते नाही लिहिलेलं?"

"नाही रे दादा," मी म्हटलं. "त्यात फक्त मुलाचं आहे."