बैठकवाले अप्पा

पोलीस, न्यायालय, तुरुंग आणि मनोरुग्णांचे डॉक्टर यांना एका टेबलाशी आणायची ताकद आमच्या नांदेड-लातूर भागात एकाच गोष्टीत होती: अप्पांनी घरून आणलेल्या सुशीलेत. उदगीरचे अप्पा या खात्यांच्या समन्वय समितीचे सचिव, मी तिथला मोफत मदतीचा वकील. आधी कुरमुऱ्यांची सुशीला, मग धोरण, हा त्यांचा क्रम. "उपाशी साहेब हो म्हणत न्हाई," असं ते म्हणत. पोट भरलेले साहेबही नाहीच म्हणायचे, पण प्रेमाने.

समितीचा मुख्य उद्योग आराखडा. मनाच्या आजारात कुणाच्या हातून गुन्हा घडला, तर त्याला तुरुंगात न कुजवता उपचार द्यावेत, असं त्यात सुरेख भाषेत लिहिलं होतं. ती भाषा आणखी सुरेख करण्यात वर्षं गेली.

तेवढ्यात मुखेडच्या माधवने भ्रमात एसटीची काच फोडली. तुरुंगात त्याने जेवण सोडलं. जामिनासाठी न्यायालयाला डॉक्टरांचा अहवाल हवा, डॉक्टरांना समोर रुग्ण हवा, तुरुंगाला त्याला बाहेर न्यायला पोलिसांचा पहारा हवा, आणि पोलीस माहूरच्या यात्रेच्या बंदोबस्ताला. सगळे नियमाने वागत होते, माधव तेवढा वाळत चालला होता. त्याची आई बैठकीच्या दाराशी बसून विचारायची, "अप्पा, जगंल का लेकरू माझं?"

अप्पांनी सुशीलेच्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाले, "माय, त्याला इथं कुणी आणीना. मी बैठकच तिकडं नेतो."

पुढची बैठक त्यांनी तुरुंगातच ठेवली. आमच्याकडे माणूस मेला तरी चालतो, बैठक चुकवलेली चालत नाही. त्यामुळे सगळे हजर. "विषय एकच, माधव," अप्पा म्हणाले. "डॉक्टरसाहेब, बाजूच्या खोलीत हाय तो. बगून या, मग डबा उघडू." तासभर साहेबमंडळी बंद डब्याकडे बघत बसली. अहवाल झाला, जामीन झाला, माधव दवाखान्यात गेला आणि जगला.

अप्पांना मात्र विनापरवानगी स्थळ बदलल्याची नोटीस आली. "हाव, बदललं की," एवढंच त्यांनी उत्तर दिलं. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या दूरदृष्टीवर भाषणं झाली. माधव आईबरोबर मागे बसला होता. तो कोण, हे एकाही वक्त्याला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी अप्पा गेले. मला त्यांची फार आठवण येते, सध्या तर रोजच. आराखडा आता रंगीत छापून झालाय, आणि जळकोटचा एक माणूस तसाच आत आहे. त्याने बोलणं सोडलंय. बैठक तिकडे नेऊ या, असं मी परवा सुचवलं. साहेब हसले. बैठका आता मोबाइलवर होतात, आणि तुरुंगात मोबाइल न्यायला बंदी आहे.