बाबांचा होकार

आमच्या घरात सगळ्यांच्याच तोंडाचा पट्टा चालू असायचा, आणि त्यात मी सर्वांत पुढे. मेहकरजवळच्या आमच्या मळ्यात गप्प असायचे ते एकटे बाबा. तेही आधीपासून नव्हे, उजवा हात थरथरायला लागला तेव्हापासून. मग चेहराही हलेनासा झाला. काही विचारलं की नुसते बघत राहायचे. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, पण गावानं 'म्हाताऱ्याचं डोकं गेलं' म्हणून निकाल लावून टाकला. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा!

एकदा मळ्यात मी नेहमीच्या घाईत म्हणाले, "बाबा, मिरचीचं पाणी झालं का वांग्याचा बांध फोडा, पण काल ज्या वाफ्याले पाणी देल्लं तो सोडून." बाबा जागचे हलले नाहीत. वैतागून मी एवढंच म्हटलं, "वांग्याचा बांध फोडा," आणि दम लागला म्हणून गप्प बसले. जरा वेळानं बाबा उठले, फावडं घेतलं आणि नेमका वांग्याचाच बांध फोडला!

मी धावतच घरी गेले. "माय, बाबाले समजते! सगळं समजते! लहान बोला अन् थांबा, बस!"

"तू लहान बोलशीन?" माय म्हणाली. "मंग झालंच."

लांब वाक्याचं शेपूट येईपर्यंत त्याचं डोकं बाबांच्या हातून निसटायचं. हा आजार मुळात मेंदूतला, नुसता हाताचा नाही, ऐकलेलं समजायलाही तो उशीर लावतो, हे डॉक्टरांनी मला पुष्कळ पुढे समजावलं. पण मी ते मळ्यातच शोधून काढलं होतं, आणि त्याचा तोरा मला आजही आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं, पण मुलगी दाखवायची रीत जुनीच होती. देऊळगाव राजाहून पाहुणे मला पाहायला आले. मला पाहून झालं, मी दाराआड गेले आणि चहा आला. बाबांच्या हातात कप डचमळायला लागला. तेव्हा मुलानं काही न बोलता त्यातला अर्धा चहा आपल्या बशीत ओतून घेतला आणि अर्धा कप बाबांच्या हातात परत दिला. मी मनात म्हटलं, हाच! दुसरा नको.

मग मुलाच्या मामांनी सुरुवात केली. "पाव्हणे, पोरगी आमाले पसंत हाये, तवा तुमच्याबी मनात काही आडकाठी नसंन, अन् बाकीचं मांगून बसून पाहू असं तुमचं म्हणनं असंन, तर मंग सुपारी फोडाले हरकत नाही ना?"

बाबा दगडासारखे बसून. मामांनी पुन्हा विचारलं, यावेळी आणखी लांब. माझे काका मध्ये पडले, त्यांनी तेच तिसऱ्या तऱ्हेनं विचारलं. मुलीच्या बापाच्या तोंडून होकार आल्याशिवाय सुपारी फुटत नसे, काकांचा होकार चालत नसे. "यायच्या मनात नाही दिसत," म्हणत मामा उठले आणि वहाणा शोधू लागले.

मी दाराआडून पुढे झाले. मायनं पदर धरला, "अवं, बाप्यांत कुठं जातं?" मी तो सोडवून घेतला आणि सरळ बाबांच्या पुढ्यात जाऊन बसले.

"बाबा. पोरगा आवडला?"

काकांनी तोंड उघडलं. "कोनी बोलू नका!" मी ओरडलेच. बैठक चिडीचूप झाली. मामा एक वहाण घालून तसेच उभे. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी बाबांकडे. किती वेळ गेला देव जाणे, पण मी दुसरा शब्द काढला नाही, मी!

बाबांचे ओठ हलले. "आवडला."

काकांनी आनंदानं अडकित्ता उचलला. बाबांनी थरथरता हात वर करून त्यांना थांबवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले?"

सकाळपासून हे मला कोणीही विचारलं नव्हतं. आमच्या गावात कोणत्याच मुलीला कोणी विचारत नसे. माझ्यासारख्या बोलघेवडीच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे भरून आले. मामा चुळबुळ करू लागले, तेव्हा बाबांनी त्यांच्याकडेही हात केला.

बाबा माझ्यासाठी थांबले होते.

"हाव, बाबा," मी म्हणाले.