वन्संनी गाणं बेतलं त्याची गोष्ट

आमच्या वन्सं पडदे शिवतात. वन्सं म्हणजे ह्यांच्या मोठ्या भगिनी. घराची रस्त्याकडची खोली हेच त्यांचं दुकान. मधोमध कापड पसरायचं लांबलचक टेबल, खिडकीशी मशीन, आणि वन्संच्या गळ्यात कायम मापाची फीत. ती फीत गळ्यात ठेवूनच त्या प्रार्थनेलासुद्धा येतात, आणि डोळे मिटल्यावर बोटं फितीवरून फिरत असतात. गल्लीत त्यांना कात्रीताई म्हणतात. हे नाव हातातल्या कात्रीमुळे पडलं की तोंडातल्या, ते विचारायची कोणाची छाती नाही.

लग्न केलं नाही. कोणी भोचकपणे का म्हणून विचारलंच, तर म्हणतात, "मापाचा मिळाला नाही. अल्टर करून घ्यायची मला सवय नाही." त्यांनी शिवलेला पडदा आखूड झाला, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. शिवण उलटून पाहिली तरी आतून बाहेरूनसारखीच दिसते. त्या नीटनेटकेपणाचा त्यांना अभिमान आहे, आणि त्याच नीटनेटकेपणाने त्यांना कसा दणका दिला, ते आता सांगते.

आमच्या प्रार्थनागृहात शुक्रवारी दुपारी बायकांचं गाणं असतं. आम्ही दहा-बारा जणी. शब्द जुने, पण चाली आमच्या. खरं तर आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. भांडी घासता घासता, धुणं वाळत घालता घालता त्यांना चाली सुचल्या, त्यांनी आम्हाला शिकवल्या, बस्स. कुठे छापलेल्या नाहीत, कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. कीबोर्ड वाजवणाऱ्या बाई होत्या तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. त्या लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि आमचं गाणं उघडं पडलं. सुरुवात आम्ही एका सुरात करायचो आणि शेवटच्या कडव्याला सगळ्याजणी छपराला टेकलेल्या असायचो. आईंचा आवाज मुळात खालचा, भरदार. त्या बिचाऱ्या मागेच राहायच्या.

एका शुक्रवारी प्रार्थनागृहाचे व्यवस्थापक हात जोडून पुढे आले. सज्जन माणूस. "राग मानू नका," म्हणाले, "पण साथीशिवाय हे असं बरं नाही वाटत. पुढच्या महिन्यापासून स्पीकरवर तयार गाणी लावू. तुम्ही सोबत म्हणा, म्हणजे झालं."

तयार गाण्यांत आईंच्या चाली कुठून असणार? आई एवढंच म्हणाल्या, "मग माझ्या चाली माझ्याबरोबरच जाणार म्हणायच्या." दूध संपलं, असं सांगावं तितक्या साधेपणाने. पण वन्संच्या हातातली फीत जागच्या जागी थांबली.

"कुठे जात नाहीत चाली," त्या म्हणाल्या. "साथ मी तयार करून आणते. कॉम्प्युटरवर करतात हल्ली."

"तुम्ही?" व्यवस्थापक म्हणाले.

"का? हात नाहीत मला?"

व्यवस्थापकांनी पुढच्या महिन्यातला पहिला शुक्रवार ठरवून दिला. एक गाणं साथीसह ऐकवायचं. जमलं तर आमचा शुक्रवार आमचा, नाही तर स्पीकर.

घरी येईतो वन्संना घाम फुटला होता. "वहिनी, मी काय बोलून बसले गं?"

"देव बघून घेईल," मी म्हटलं. देवाला कॉम्प्युटर येतो का, हा प्रश्न मला कधी पडलेला नाही. त्याला माणसं येतात, तेवढं पुरतं.

आता गाणं तयार करायचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, यावर घरात सभा भरली. हे वाहतूक कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतात, म्हणून घरातले तज्ज्ञ. "ताई, फुकटचं घे. फुकटातही पुष्कळ चांगलं मिळतं."

"तुझा सल्लाही फुकटचाच ना?" वन्सं म्हणाल्या.

शेजारी एक बँडवाला राहतो. समारंभात कीबोर्ड वाजवतो. त्याला चहाला बोलावलं, तर तो कपाबरोबर उपदेशही घेऊन बसला. "ताई, मोठ्या स्टुडिओत वापरतात तेच घ्या. एकदा शिकलात की जन्माचं काम."

ते उतरवून घेतलं. स्क्रीनभर बटणं, खुंट्या, काटे, दिवे. आमच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला की आईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "मिक्सर कोणी लावलाय?" वन्संनी पाच मिनिटं पाहिलं आणि झाकण मिटलं. "मला गाणं करायचंय. विमान नाही उडवायचं."

दुसरं ह्यांनी शोधलं. त्यात रंगीत चौकोन होते, आणि प्रत्येकात तयार ताल भरलेला. एकावर एक ठेवत गेलं की गाणं तयार. दोन दिवस आमच्या घरात असा धिंगाणा चालला की समोरच्यांनी येऊन कुणाचं लग्न ठरलं का, म्हणून विचारलं. मी सकाळी देवापुढे बसले होते आणि माझा पाय आपोआप ठेका धरत होता. देवाने पाहिलंच असेल. रागावला नसावा. पण त्या चौकोनांत आईंची चाल काही केल्या मावेना. वन्सं म्हणाल्या, "हे रेडीमेड आहे गं. बाह्या तेवढ्या आपण लावायच्या."

तिसऱ्या वेळी मात्र दुकानातून हाक आली, "वहिनी! हात पूस आणि पटकन ये. यात कात्री आहे!"

खरंच होती. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाची एक आडवी पट्टी, पट्टीखाली दुसरी पट्टी, टेबलावर कापडं अंथरावीत तशी. कात्रीच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि हवं तिथे कापायचं. सरकवायचं, जोडायचं, दुमडायचं. वन्संनी एक पट्टी मधोमध कापली, मग मागे फिरायचं बटण दाबलं. पट्टी पुन्हा अखंड.

वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "कापलेलं परत सांधतं गं हे! असं कापड मिळालं असतं तर मी जन्मात रडले नसते."

झालं, निवड झाली. बँडवाल्याने नाक मुरडलं, ह्यांनी "मी हेच सांगणार होतो" म्हटलं, आणि वन्सं कामाला लागल्या.

रेकॉर्डिंगसाठी खोलीत आवाज घुमायला नको, असं बँडवाला म्हणाला. वन्संकडे एका गिऱ्हाइकाचे जाड, अस्तराचे पडदे शिवून तयार होते. ते त्यांनी चारी भिंतींवर टांगले. खोली अशी मऊ झाली की आपलं बोलणं आपल्याच कानात घातल्यासारखं ऐकू यायचं. गिऱ्हाईक पडदे मागायला आलं, तर वन्संनी दारातच थोपवलं. "लटकवून ठेवलेत. झोळ बसायला हवा, नाही तर आकसतात." बोलताना पापणीही हलली नाही. मी आत तोंडाला पदर लावून उभी.

मग आईंना माइकपुढे बसवलं. कानांवर हेडफोन. आईंनी पहिली ओळ म्हटली आणि खटकन थांबल्या.

"कोण आहे आत?"

"कोणी नाही, आई. गा."

पुन्हा ओळ, पुन्हा थांबल्या. "अगं कोणीतरी माझ्या मागून माझीच नक्कल करतंय! वाह्यात मेलं!"

त्यांचाच आवाज लॅपटॉपमधून फिरून क्षणभर उशिरा कानात येत होता. वन्संनी बँडवाल्याला विचारून कुठलासा आकडा कमी केला, तेव्हा कुठे नक्कल करणारा गेला. तरी आईंनी जाता जाता हेडफोनला दटावलंच, "परत येऊ नकोस."

आईंकडून चाल नीट समजून घेतल्यावर वन्संनी साथ बांधायला घेतली. कीबोर्ड त्यांना वाजवता येत नाही. पण या सॉफ्टवेअरमध्ये सूर म्हणजे लहान लहान विटा; उंच सूर वर ठेवायचा, खालचा खाली. वन्संनी किनारीवर नक्षी काढावी तशा विटा मांडल्या. मागे टिकटिक चालू असते, तिच्या रेषांवर वीट बरोब्बर बसवता येते. वन्संना ते फार आवडलं. एकही वीट रेषेबाहेर राहू दिली नाही. आणि दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "हे बघ, इथे शिवण उसवल्यासारखी दिसते." असं म्हणून कात्री घेऊन ती जागा काढायच्या आणि पुढची ओळ मागच्या ओळीला भिडवायच्या.

पूर्ण झाल्यावर मला ऐकवलं. कानाला अगदी स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. मी म्हटलं, "वन्सं, देवाने हात दिला हो तुम्हाला." मला तरी कुठे काय कळत होतं?

शुक्रवारच्या आधीच तालीम घेऊ, म्हणून सगळ्याजणी मंगळवारी दुकानात जमल्या. टेबलाभोवती दाटीवाटीने उभ्या. वन्संनी बटण दाबलं. पहिली ओळ झकास गेली. दुसरी लगोलग आली. तिसरी आमच्या पायावर पाय देत आली. चौथ्या ओळीला मागच्या दोघी गळाल्या, पाचव्या ओळीला माझ्या तोंडून नुसती हवा निघाली, आणि कोपऱ्यातल्या जाडजूड मामी टेबलाला धरून म्हणाल्या, "अगं बायांनो, गाडी पकडायचीय का आपल्याला?" हशा असा उसळला की साथ एकटीच पुढे धावत राहिली.

आई मात्र हसल्या नाहीत. हेडफोनशी बोलल्या होत्या तशाच गंभीरपणे लेकीला म्हणाल्या, "मी श्वास कधी घेऊ?"

वन्संनी साथ बंद केली.

"नाही, विचारते. घ्यायचा ना? की या वयात सोडूनच द्यायचा?"

पुन्हा हशा. पण वन्संचा चेहरा उतरला. बायका गेल्या, तरी त्या मशीनपाशी तशाच बसून होत्या. मी चहा ठेवला, तो निवला. "तीन दिवस राहिले, वहिनी. मी कापून ठेवलं सगळं."

"मग तुमचं ते मागे फिरायचं बटण?"

"मागे फिरून कुठे जाऊ? मुळातच चुकलंय."

आई दारात उभ्या होत्या. "तू लोकांच्या घरी पडदे लावतेस, तेव्हा आधी काय करतेस?"

"खिडकीचं माप घेते."

"माझं घेतलंस?"

वन्सं कपाळावर हात मारून एकदम उठल्या. "खिडकी न बघताच पडदा शिवला मी! टिकटिकीचं माप घेतलं आणि तुझ्या अंगावर चढवलं. आई, बस. इथे बस. टिकटिक नाही, साथ नाही, काही नाही. तुझं तुझं गा. स्वयंपाकघरात गातेस तसं."

आईंनी डोळे मिटले आणि गायल्या. मी देवाच्या ठिकाणी असते तर तिथेच सगळी गाऱ्हाणी ऐकून घेतली असती, असं गायल्या. लॅपटॉपवर त्यांचा आवाज टेकड्यांसारखा उमटत गेला, आणि टेकड्यांच्या मध्ये सपाट जागा. तिथे आईंनी श्वास घेतला होता. वन्संनी गळ्यातली फीत काढून चक्क लॅपटॉपच्या स्क्रीनवर लावली. तिसरी ओळ दुसरीपेक्षा लांब. शेवटच्या ओळीआधीची जागा सगळ्यांत मोठी.

"बघ की, एकसारखी एकही नाही," वन्सं म्हणाल्या. पण या वेळी तक्रार नव्हती.

पुढचे दोन दिवस दुकानाला सुट्टी. वन्संनी आईंचा आवाज सगळ्यांत वरच्या पट्टीत ठेवला आणि टिकटिकीची एकेक रेषा ओढून त्या आवाजाखाली आणून बसवली. जिथे आई रेंगाळतात तिथे रेषा लांब, जिथे लगबग करतात तिथे जवळ. रेषा हलली की तिच्यावरच्या विटाही आपोआप तिच्यामागे जायच्या. मोकळ्या जागांना हात लावला नाही. फक्त एका ठिकाणी आईंना खोकला आला होता, तो काढला, पण त्यानंतरचा श्वास ठेवला. शेवटी आईंचा आवाज बंद करून नुसती साथ उरवली. बँडवाला डोकावून म्हणाला, "ताई, हे वेडंवाकडं दिसतंय."

"दिसू दे. माझी आई कुठे सरळ आहे?"

शुक्रवारी आम्ही लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून प्रार्थनागृहात नेला. स्पीकरची वायर वन्संनी दोनदा काढून पुन्हा लावली. व्यवस्थापक पहिल्या बाकावर, मांडीवर हात ठेवून. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, आज श्वास तेवढा पुरव, बाकी आम्ही बघतो.

साथ सुरू झाली. आई गाण्यात शिरल्या, आणि त्यांच्यामागून आम्ही. प्रत्येक ओळीच्या शेवटी साथ आमच्यासाठी दार धरून उभी राहत होती. कोणी चढलं नाही, कोणी गळालं नाही. आईंचा खालचा आवाज सगळ्यांच्या खाली पाट मांडून बसला होता. चौथ्या ओळीला व्यवस्थापकांचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं.

शेवटची ओळ आली. ती एकदाच म्हणायची असं ठरलं होतं. आईंनी ती म्हटली आणि त्यांना इतकी आवडली की पुन्हा घेतली. साथ संपायला आलेली! वन्संनी झडप घालून तेवढाच तुकडा फिरत राहील असं बटण दाबलं. साथ वळून आली. आईंनी तिसऱ्यांदा घेतली. मामींना हसू आवरेना, तरी सूर सोडला नाही. चौथ्या वेळी व्यवस्थापक उठून उभे राहिले, आणि आम्हाला वाटलं आता हात जोडतील. पण तेही गायला लागले होते. आवाज फाटका, पण मनापासून.

मग ते वन्संजवळ आले. "शुक्रवार तुमचाच," म्हणाले. "आईंच्या बाकीच्या चालीही अशाच करून घ्या. सगळ्या." मग जरा घुटमळून म्हणाले, "आणि हे आता बंद कसं करायचं?"

वन्संचं बोट बटणावर होतं, पण डोळे आईंवर. वन्सं घळाघळा रडत होत्या आणि हसतही होत्या.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "आईला विचारा. तिचं झालं की थांबवते."

आईंनी डोळे न उघडता हातानेच आम्हाला खूण केली, पुन्हा.