पाय जाईल तिथं मावशी

साताऱ्यात आम्ही कृत्रिम पाय बनवतो. दिवसभर प्लास्टर घासून धूळ साठते, तसे किस्सेही साठतात. धूळ संध्याकाळी झाडून टाकता येते. किस्से मात्र जेवताना आठवतात आणि घास कडू करतात. दरड कोसळली त्या वर्षाचे तर सगळे हौसामावशींचेच आहेत.

* * *

मावशी मेढ्याच्या वरच्या डोंगरातल्या. दरडीत गोठ्याची भिंत पायावर आली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. मुंबईला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं बजावलं होतं, "दसऱ्यापतुर घरची चढण सोताच्या पायानं चढलीस तर ऱ्हा. न्हाईतर म्हस इकतो आन तुला मुंबईला नेतो."

सरकारी मदतीचा अर्ज तहसील कचेरीतल्या साहेबांनी परत केला. का, तर पाय दवाखान्यात कापला, तोही दरडीनंतर तिसऱ्या दिवशी. "म्हणजे हा आपत्तीत गेलेला नाही."

मावशी म्हणाल्या, "व्हय सायेब, चुकलंच. दरडीला सांगाय पायजे हुतं, मोडतीस तर पुरा तोडूनच जा."

साहेबांनी पुढचा अर्ज ओढला. मला आजही त्या टेबलापुढून जाताना संताप येतो.

* * *

अपंगांच्या दाखल्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! मावशी धरून पाच जण जिन्याखाली बसलेले. आमच्याकडे चालायला शिकवणारे सुभेदार नाना स्वतः एक पाय फौजेत ठेवून आलेत. ते खाडखाड वर गेले.

"डॉक्टरसाहेब, खाली माणसं पाच, त्यांचे मिळून पाय पाच. तुमचे एकट्याचे दोन. आता कुनी कुनाकडं जायचं, तेवढा हुकूम करा."

डॉक्टर शिक्का घेऊन खाली आले.

* * *

पाय तयार झाला. रबरी पाऊल गोरंपान, कारण कंपनी एकच रंग पाठवते. मी पत्रं लिहून थकलो. मावशींनी आपलं उन्हानं रापलेलं उजवं पाऊल त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं.

"ह्यो शेनात उतरंल न्हवं? का सायबावानी माज्याकडनंच पानी मागंल?"

नानांनी महिनाभर आमच्या जिन्यावर त्यांना चढवलं, उतरवलं. त्या पडल्या, नानांना शिव्या घातल्या, परत चढल्या. पण पाय घरी न्यायचा नाही, असा वरून निरोप. आधी वाटपाचा कार्यक्रम व्हायला हवा.

* * *

कार्यक्रमाचा दिवस उजाडला तेव्हा दसरा आठवड्यावर आला होता. साताऱ्यात सकाळी हार, भाषण, फोटो सगळं झालं. पाहुणे म्हणाले, "मावशी आता धावणार!" टाळ्या पडल्या.

मंडप रिकामा होतोय तोवर आयोजकांचा माणूस पोतं घेऊन आला. "पाय काढून द्या सगळ्यांनी. दुपारी फलटणला वाटप आहे, तिथले अजून तयार नाहीत. महिनाभरात परत देऊ."

माझं डोकंच फिरलं. एकाच्या मापाचा पाय दुसऱ्याला बसत नाही, हे मी त्याला ओरडून सांगितलं.

तो म्हणाला, "बसवायचा कुठंय? फक्त द्यायचाय."

बाकीच्यांनी मुकाट्यानं पट्टे सोडले. मावशी मात्र उठल्या आणि चालत जाऊन त्याच्या जीपमध्ये बसल्या. "पाय फलटणला, तर मीबी फलटणला." त्यांना उतरवायची कुणाची छाती झाली नाही. नाना आणि मी मोटरसायकलवरून मागोमाग निघालो.

फलटणला माईकवरून शेवटी एका शेतकऱ्याचं नाव पुकारलं. बिचारा कुबड्या टेकत स्टेजवर आला. पाहुण्यांनी पायासाठी हात पुढे केला, पण पोत्यात एक पाय कमी होता. आयोजकांचा माणूस रिकामं पोतं झटकत राहिला.

पहिल्या रांगेतून मावशी उठल्या. कुणाचाही हात न धरता स्टेजच्या पायऱ्या चढल्या, त्या शेतकऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पदर नीट केला.

"घ्या दादा, पाय तुमचा," त्या म्हणाल्या. "पर त्येच्यासंगं मीबी येनार. म्हस बांधाय जागा हाय का तुमच्याकडं?"