आईवाचून राहण्याची शिकवणी

आमची मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा मी तिला माझ्यावाचून राहायला शिकवायला घेतलं. शिकवायला घेतलं असंच म्हणते, कारण मी मास्तरीण. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं मला कधी काही करताच आलं नाही. चैत्रात सुरुवात केली. जूनपर्यंत पोर तयार व्हायला हवी होती, कारण जूनमध्ये मला सोलापूरला वर्षभराच्या ट्रेनिंगला जायचं होतं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्यानंतरची ही एक-दोन वर्षं. निजामाच्या राज्यात उर्दूत चालणाऱ्या शाळा जाऊन गावोगाव मराठी शाळा निघत होत्या आणि मुलींना शिकवायला बायका मिळत नव्हत्या. मी सातवी पास, म्हणून अणदूरला मला मुलींच्या वर्गावर घेतलं होतं, पण तात्पुरतं. ट्रेनिंग करा, नाहीतर घरी बसा, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी तोंडावर सांगितलं. घरी बसायला माझी काही हरकत नाही, असं मी शेजारपाजारच्या बायकांना सांगायची. ते साफ खोटं होतं. तीस पोरी पाटीवर मान घालून एकदम गप्प झाल्या की मला फार बरं वाटायचं. मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी माझी कीव करायला नको.

घरात आम्ही चौघं. आमचे हे मुलांच्या शाळेत मास्तर. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच होत्या. मी, आणि ही मुलगी. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. तिला वन्संच्या भरवशावर टाकून जायचं होतं आणि वन्संना दमा. चार पावलं भरभर चालल्या की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. पोर त्यांना जड होता कामा नये, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

आधी अंगावरचं दूध तोडायचं होतं. कडू लिंबाचा पाला बारीक वाटला आणि छातीला लावला. पोरीनं तोंड लावलं, थू थू केलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मग उठली, मोरीजवळचं फडकं रांजणाखालच्या ओलीत भिजवून आणलं आणि मला पुसायला लागली. "आई, घान लागली," म्हणाली. नीट पुसून काढलं आणि मांडीवर चढून पुन्हा प्यायला लागली. मी हसले. हसता हसता रडायला लागले. त्या दिवशी तिला पिऊ दिलं.

दुसऱ्या दिवसापासून दिलं नाही. दोन दिवस तिनं धिंगाणा घातला आणि तिसऱ्या दिवशी मागायचंच सोडलं. मला वाटलं होतं, निदान आठ दिवस तरी मागेल.

मग जेवण. पितळेच्या छोट्या वाटीत दुधात भाकरी कुस्करून द्यायची आणि मी समोरून उठून जायची. पहिले काही दिवस निम्मी भाकरी फ्रॉकवर आणि निम्मी कोंबड्यांना. आमचे हे माझी पाठ वळली की गपकन दोन घास तिच्या तोंडात घालायचे. एकदा मी पकडलं. मग आमची चांगलीच जुंपली. वळण लावायचं ते शाळेतल्या पोरांना लाव, ही दोन वर्षांची आहे, असं ते म्हणाले. तुमचं काय जातंय, तुम्ही तिच्याजवळ राहणार आहात, जाणार मी आहे, असं मी म्हणाले. ते गप्प झाले. भांडणात ते नेहमी माझ्याआधी गप्प होत आणि त्याचा मला नेहमी राग येई.

फ्रॉक घालायला तिला जमेना, कारण बटणं पाठीमागं. ह्यांची निजामाच्या काळातली शेरवानी ट्रंकेत पडून होती. तिची मोठाली बटणं काढली आणि पोरीच्या तिन्ही फ्रॉकना पुढून लावली. दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, ती एकेक बटण काजात ढकलायची. पहिलं बटण लागलं तेव्हा ती सगळ्या आळीला दाखवून आली. आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो. हे म्हणाले, आता हिला काय कमी आहे. म्हणाले आणि आत निघून गेले.

सगळ्यांत अवघड होतं ते रडू. रडली की वन्संना उठावं लागणार, कडेवर घ्यावं लागणार, आणि ते त्यांना झेपायचं नाही. म्हणून मी एक पद्धत काढली. वर्गात मी हीच वापरायची आणि ती कधी फसली नव्हती. पोर रडायला लागली की मी एक शब्द न बोलता उठून परसात जायची. दाराआड उभी राहायची. रडू थांबलं की आत यायची, जवळ घ्यायची, शहाणी माझी बाई म्हणायची. रडलं की आई जाते, गप्प बसलं की आई येते. पंधरा दिवसांत तिला ते समजलं. पडली तर उठायची, गुडघा झाडायची, ओठ घट्ट मिटायची आणि माझ्याकडं बघायची. मी येतेय ना, हे बघायला.

वन्संना हे आवडलं नव्हतं. एक दिवस चुलीपुढं भाकरी थापताना त्या म्हणाल्या, "लई शिकवू नको गं तिला. शिकली तर मग इसरायची न्हाय." मी चुलीत लाकूड सारलं. मनात म्हटलं, तुमच्याचसाठी तर चाललंय सगळं.

जूनमध्ये सडकेवर एसटी धरायला निघाले. लेकरू झोपेत असताना निघून जा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मला ती लबाडी वाटली. मी तिला उठवलं, वेणी घातली आणि सरळ सांगितलं की आई शिकायला चालली आहे, दिवाळीला येईल. ती बापाच्या खांद्यावर बसून सडकेपर्यंत आली. बस आली, ट्रंक टपावर चढली. पोर रडली नाही. सोबत आलेल्या बायका म्हणाल्या, काय गुणाचं लेकरू आहे. मला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाची आज लाज वाटते. खिडकीतून मी वाट बघत होते की बस हलल्यावर तरी भोकाड पसरेल. ती हात हलवत राहिली.

सोलापूरला दिवस भराभर जायचे आणि रात्री जायच्या नाहीत, एवढंच सांगते. दर आठवड्याला ह्यांचं कार्ड यायचं. ह्यांचं अक्षर सुरेख. शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं लिहायचे. आज आपल्या हातानं आंघोळ केली. आज एकटी शेजारी जाऊन ताक घेऊन आली, सांडलं नाही. आज खंडोबाच्या देवळात नेत होतो, तर खांद्यावर बसेना. खाली उतरवा म्हणाली, बोटही धरू देईना. ह्याच्यापुढं त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती आणि खोडली होती. उजेडाला धरून मी ती वाचली. खांदा उगाच मोकळा वाटतो, असं लिहिलं होतं.

दिवाळीला घरी गेले. ओट्यावर ती खेळत होती. मला बघून उठली आणि दारात जाऊन वन्संच्या लुगड्याला धरून उभी राहिली. ओळख होती, पण जवळ येईना. संध्याकाळी मी वाटीत भाकरी कुस्करली आणि घास पुढं केला. तिनं माझ्या हातातून वाटी काढून घेतली. "माजं म्या खाते," म्हणाली. रागानं नाही म्हणाली. पाहुण्या बाईला सांगावं तसं सांगितलं. ती जेवली, हात धुतला, आपली वाकळ आपण ओढून आणली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. पूर्वी माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. मी ट्रेनिंगमध्ये पहिल्या तिघींत होते आणि ती गोष्ट वन्संना सांगायची म्हणून आले होते. ते सांगायचं राहूनच गेलं.

मार्गशीर्षात ह्यांचं कार्ड आलं. आमच्याकडचा देव वर्षातले काही आठवडे नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि मग परत अणदूरला येतो. पालखी निघाली तेव्हा ह्यांनी तिला समजावलं होतं की बघ, देव जातो आणि परत येतो, तशीच आई गेली आहे, येईल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं की देवळात कोण रडलं होतं. ह्यांना वाटलं, लेकराचं बोलणं. मला मौज वाटेल म्हणून त्यांनी लिहिलं होतं. मला काही मौज वाटली नाही. मी ते कार्ड वाचून वर्गात बसले आणि बाई काय शिकवत होत्या ते मला त्या दिवशी कळलं नाही.

वैशाखात ट्रेनिंग संपवून परत आले. पोर तीन वर्षांची झाली होती. आता मी घरातच होते तरी तिला माझं काही काम पडत नव्हतं. पाणी तिचं ती घ्यायची, केस तिचे ती विंचरायची, वाकडा भांग पाडून. मी भांग सरळ करायला गेले की डोकं मागं घ्यायची. गावात सगळे तिचं कौतुक करायचे. ह्यांना ते ऐकून आनंद व्हायचा, पण घरी आल्यावर म्हणायचे, एकदा तरी काहीतरी माग की गं.

एका दुपारी ती अंगणात पळताना दगडाला अडखळून पडली. गुडघा चांगलाच फुटला. मी ओट्यावर गहू निवडत होते. सूप टाकून धावले. मी पोचायच्या आत ती उठली होती. ओठ मिटून, लंगडत, रांजणापाशी गेली आणि आपल्याच हातानं गुडघ्यावर पाणी ओतायला लागली. हनुवटी थरथरत होती. डोळ्यांत थेंब नव्हता. मी खाली बसून तिला धरलं. "दुखतंय ना?" विचारलं. तिनं मान हलवली. "मग रड की गं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "रडले की तू जातीस."

वर्षभर मी बालमानसावर टिपणं काढली होती. वही भरली होती. आणि माझ्या घरात, मीच शिकवलेला धडा तीन वर्षांचं लेकरू मला म्हणून दाखवत होतं, एक शब्द न चुकता. मी तिला छातीशी धरलं आणि म्हणाले, नाही जाणार. रड तू. मी कुठं जात नाही.

तिला खरं वाटायला वेळ लागला. दोनदा मान वर करून तिनं माझा चेहरा बघितला. मग ती रडली. गुडघ्यासाठी नाही रडली. वर्षाचं सगळं रडली. माझ्या पोलक्याचा गळा तिनं मुठीत धरला होता आणि इतकं ओरडत होती की वन्सं आतून धापा टाकत आल्या आणि आम्हाला बघून तशाच परत गेल्या. हे शाळेतून आले तेव्हा ती माझ्या मांडीवर झोपली होती आणि माझी वेणी तिच्या मुठीत होती. पाय बधिर झाले तरी मी हलले नाही. त्या दुपारइतकं सुख मला पुढं कशानं झालं नाही.

आठ दिवसांनी हुकूम आला. ढोकीकडच्या एका गावात नव्या शाळेवर नेमणूक. ट्रेनिंग झालेल्या मास्तरणीला हुकूम येईल तिथं जावं लागे. एकटी बाई, परकं गाव, शाळेच्या वेळात पोर सांभाळायला कोण? वन्संना तो प्रवास झेपणारा नव्हता आणि ह्यांची बदली कधी होईल ते कोणाला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचं, असं ठरलं. नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. माझ्याबरोबरच्या दोघींनी नाही म्हटलं आणि त्या घरी बसल्या. मी नाही म्हटलं नाही. पोरीला मांडीवर घेऊन सांगितलं की सरकारचा कागद आला आहे, तुझ्या रडण्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. तिनं सगळं ऐकलं आणि मांडीवरून उतरली.

दोन वर्षांनी बदली होऊन आम्ही एका गावात आलो. नंतर तिचं शिक्षण, लग्न, बाळंतपणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. माझ्यासमोर ती पुन्हा कधी रडली नाही. वन्सं गेल्या तेव्हासुद्धा ती मागच्या दारी जाऊन रडून आली आणि तोंड धुऊन माझ्यापाशी बसली. मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पण तो दिवस सांगायचा राहिला. ढोकीकडं निघाले तेव्हा ती बापाबरोबर चालत सडकेवर आली. बोट धरलं नव्हतं. बस आली, आणि ह्या वेळी आमच्या ह्यांनाच आवरेना. भर सडकेवर, चार माणसांत, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तिनं वर बघितलं आणि घाबरून त्यांचं धोतर ओढायला लागली.

"रडू नका, अण्णा," म्हणाली. "म्या रडले म्हणून बघा, आई चालली."

ते मी ऐकलं, आणि बसमध्ये चढले.